मुकं सुतक

सून माझी दुकानात रडली. भर दुपारी, चारचौघांत, तांदळाच्या पोत्यावर बसकण मारून, तोंड उघडं टाकून रडली, आणि तेही पोरीच्या देखत. हे आधीच सांगून टाकते. नंतर जे झालं त्याचा ठपका लोक माझ्यावर ठेवणार, म्हातारीचं डोकं फिरलं म्हणणार, म्हणोत बापडे. माझं डोकं जागेवर होतं. ढळली ती कांचन. इथे न्यूझीलंडात, मनुरेवाच्या घरून गाडी हाकत आम्ही सँडरिंगहॅमला सामान भरायला आलो होतो, ती, मी आणि माझी नात इरा. तूरडाळ संपली होती, आणि कांचन सकाळपासून चांगली होती, म्हणजे गप्प होती. दुकानदार फिजीकडचा. त्याचे खापरपणजे ऊस तोडायला नेलेले, त्यामुळे त्याची हिंदी ऐकायला गोड आणि जरा तुटकी. हिंगाची डबी पिशवीत टाकता टाकता तो सहज म्हणाला, "आज भैया नहीं आइस?" एवढंच. एवढ्यावर 'नाही' म्हणता येतं, 'काम आहे' म्हणता येतं. मी पुढे होऊन "बाहर गया है" म्हणणारच होते, तेवढ्यात कांचन म्हणाली, "वो नहीं रहे," आणि तिचे पाय गेले. रेडकू नेल्यावर म्हैस हंबरते तसा आवाज. माझ्या शुभंकरला जाऊन महिना होत आला होता आणि एवढ्या दिवसांत त्या बाईच्या डोळ्यांतून टिपूस आलेलं मी पाहिलं नव्हतं. मी फोनवर जावेला, शकुला, सांगितलंसुद्धा होतं, "पुण्याची असली तरी आपल्या घरात शोभते हो." ते सगळं तिनं त्या पोत्यावर ओतून टाकलं. कुणी एक पंजाबीण तिच्या पाठीवरून हात फिरवायला लागली, दुकानदार बिचारा हिंगाची डबी हातात धरून "सॉरी दीदी, सॉरी दीदी" करत उभा. मी इराकडे पाहिलं. सहा वर्षांची पोर. तिला मी सांगितलं होतं, बाबा कामासाठी बाहेरगावी गेलाय. बिस्किटांचा पुडा छातीशी धरून ती उभी होती, आणि बघत होती ती आईकडे नाही, माझ्याकडे. टक लावून. मला वाटलं, पोर विचारतेय, आता काय? मी तिचा हात धरला आणि बाहेर पडले.

आमच्या घरात मुकं सुतक पाळतात. लहान पोराचा बाप गेला तरच. एरवी रडायला कुणाची ना नाही, सासू गेली तेव्हा मी एकटीनं सगळी वाडी गोळा केली होती. पण मागे पोर असेल तर त्या घरातून आवाज निघता कामा नये. चूल विझू द्यायची नाही. बाईनं कुंकू पुसायचं नाही, बांगडी उतरवायची नाही. पोराला सांगायचं, बाप गावाला गेलाय. मग पोर पाण्यापलीकडे आपल्या माणसाच्या घरी पोचतं केलं, की अलीकडे रडायचं, पोटभर. हे का, ते माझ्या आजेसासूनं सांगितलं, रातांबे फोडता फोडता, कोपरापर्यंत लाल हात घेऊन. आम्ही मूळचे बारदेशातले. तिथे फिरंग्यांचं राज्य, आणि राज्याच्या डोक्यावर पाद्री. त्यांचा कायदा असा की हिंदूच्या पोराचा बाप मेला की ते पोर अनाथ. घरात आई धडधाकट उभी असली तरी अनाथ. बातमी लागली की पाद्र्याची माणसं येणार, पोर उचलणार, मठात ठेवणार, पाणी शिंपडून दुसरं नाव देणार. पुढे ते रस्त्यात दिसलं तरी आईनं हाक मारायची चोरी. आणि बातमी लागते ती रडण्यावरून. म्हणून बायका रडायच्या नाहीत. आमच्या घराण्यातली जी बाई, तिचं नाव आता कुणाला ठाऊक नाही, आम्ही तिला पेजेवाली म्हणतो. तिचा नवरा तापानं गेला. तिनं त्याच्यावर घोंगडी घातली, आणि दोन्ही वेळ भाताची पेज उकळून त्याच्या उशाशी नेत राहिली, शेजारणीला ऐकू जाईल असं "आज जरा बरं दिसतंय हो" म्हणत. महाराजांचं सैन्य तेव्हा बारदेशात उतरलेलं, गावं पेटलेली, आणि फिरंग्यांनी नदीवरच्या सगळ्या होड्या ओढून किल्ल्याखाली बांधून टाकलेल्या. बाईला होडी मिळेना. तिनं केळीचे खुंट एकत्र बांधले, त्यावर पोर बांधलं, आणि शापोऱ्याच्या नदीत, भरतीच्या पाण्यात, शिरली. पलीकडे पेडण्याच्या काठाला लागली आणि मग रडली, तर म्हणे गावातली कुत्री भुंकायला लागली. नवरा तिकडे घोंगडीखाली तसाच. त्याला अग्नी नाही मिळाला. त्याच्या नावानं आमच्याकडे पितृपक्षात अजून पेजेचं वेगळं पान वाढतात. त्या पोराचे आम्ही सगळे.

हे मी शुभंकरला सांगितलं तेव्हा तो हसला होता. इंजिनियर ना. पण मग इथे आल्यावर त्यानं कॉम्प्युटरवर बघितलं, आणि पुढच्या रविवारी फोनवर त्याचा आवाज निराळाच. "आई, कायदा होता गं तसा. खरंच होता." मी म्हटलं, "मग आजेसासू काय खोटं सांगेल? तिला काय पगार होता?" त्यानंतर दर रविवारी तो मला त्या काळातलं काहीतरी सांगायचा. माझी शाळा चौथीतच सुटलेली, पण राजाचे व्यवहार मला कळतात, ते घरातल्यासारखेच असतात. त्या पोर्तुगालच्या राजाचे हाल कुत्रा खात नव्हता म्हणे. शेजारच्या स्पेनशी वर्षानुवर्षं लढाई, समुद्रावर डच. पाऊस सरला की डचांची गलबतं गोव्याच्या तोंडाशी येऊन बसायची, आत काही जाऊ द्यायची नाहीत. सिलोन गेलं, कोची गेली. इंग्रजांचा आधार हवा म्हणून बहीण इंग्रज राजाला दिली आणि मुंबई आंदण. "मुंबई आंदण?" मी म्हटलं. "आम्हाला विचारलं होतं का कुणी?" तो किती हसला. मग म्हणाला, "गंमत बघ आई, हातातून देशच्या देश निसटतायत, आणि हे विधवांची पोरं धरायला माणसं पाठवतायत." मी म्हटलं, "अरे, म्हणूनच. सगळं जायला लागलं की माणूस हाताला लागेल ते आवळून धरतं." बोलताना मला फार शहाण्यासारखं वाटलं होतं. आणखी एकदा त्यानं सांगितलं, आपल्या वेंगुर्ल्याला ज्या डचांची पडकी वखार आहे, त्याच कंपनीची दोन गलबतं त्याच सुमाराला इथे न्यूझीलंडच्या किनाऱ्याला आली होती. इथल्या लोकांनी होड्या घालून त्यांची चार माणसं मारली, तर 'खुन्यांची खाडी' असं नाव ठेवून, जमिनीला पाय न लावता, निघून गेले. "पाहुणे आले नि नावं ठेवून गेले," तो म्हणाला, "आपल्या शकुकाकूसारखे." असा बोलायचा. मी फोन ठेवल्यावरही हसत बसायची, एकटी, ओटीवर.

आता त्या सँडरिंगहॅमच्या रस्त्यावर, मिठाईच्या दुकानापुढून, मी त्याच्या पोरीला ओढत नेत होते आणि डोक्यात एकच होतं, पाणी कुठे आहे. ऊन असं की डोळ्यांत सुया. इथलं ऊन पांढरं असतं, त्याला वास नसतो. कांचननं मला घालायला दिलेली रबरी चप्पल पायातून सटकत होती, चप्पल म्हटलं तर इरा सुधारते, "जँडल्स, आजी." बस येऊन उभी राहिली तशी मी चढले. इराला म्हटलं, "होडी कुठे असते गं? पाणी ओलांडायची होडी?" ती मराठी सगळं समजते, उत्तर इंग्रजीत देते, फिरंग्यांनी न शिंपडताच. "द फेरी? डाउनटाउन," ती म्हणाली, आणि ड्रायव्हरशी तीच बोलली. मी पदराच्या गाठीतली नोट पुढे केली. खिडकीशी बसल्यावर माझ्या लक्षात आलं की माझा घसा दुखतोय, माशाचा काटा अडकल्यासारखा, कधीपासून दुखतोय कोण जाणे. मागे वळून बघितलं नाही. कांचन दुकानाबाहेर येऊन उजवीडावीकडे बघत असेल, हे मला बघायचं नव्हतं. मागे न बघणं आमच्याकडे शिकवावं लागत नाही. शुभंकरनंही बघितलं नव्हतं. तो पाच वर्षांचा होता तेव्हा त्याचे वडील, काशिनाथ, विहिरीवरचा पंप दुरुस्त करताना विजेचा धक्का बसून गेले. मी चूल विझू दिली नाही. शुभंकरला सांगितलं, बाबा बेळगावला गेलेत, बैल आणायला. आणि त्याला किरणपाणीच्या होडीत बसवला, पलीकडे माझा भाऊ शिवाजी उभा होता. मिठाच्या पोत्यांच्या मध्ये बसून पोर गेलं, पाठमोरं, ताठ. होडी पलीकडे लागलेली दिसली तशा बाया माझ्याजवळ सरकल्या, धरायला, आणि मी तोंड उघडलं. काही आलं नाही. उचकीसारखं एक आलं, बस. बाया वाट बघत राहिल्या. शेवटी कुणीतरी म्हणालं, काय बाई आहे, पोलाद. तो शब्द मी आयुष्यभर दागिन्यासारखा घातला. महिनाभरासाठी पाठवलेला मुलगा भावाकडे रमला, मामीनं शाळेत घातला, चौथी होऊन आमच्या आरोंद्याला परत आला तेव्हा मामीला आई म्हणत होता आणि मला 'आरोंद्याची आई'. वडिलांचं त्यानं कधी विचारलं नाही. मला वाटायचं, बघा, किती अलगद झालं सगळं, पोराला ओरखडा नाही. खूप वर्षांनी, इथून, एका रविवारी तो फोनवर मध्येच म्हणाला, "आई, ते बैल आले का गं बेळगावहून?" मी हसले. मग तो म्हणाला, "ठेवतो."

फेरी म्हणजे आमची होडी नव्हे. दुमजली, आत खुर्च्या, काचा, चहाचं दुकान. खालून इंजिनाची थरथर पायातून चढत गुडघ्यांत येत होती. इरानं मला हात धरून बाहेरच्या बाकावर नेलं. तिला जागा ठाऊक होती, ती बाबाबरोबर यायची. दोरी सोडली, धक्का मागे सरकायला लागला, आणि मला वाटलं झालं, आता अर्धं पाणी कापलं की सुटले. कशापासून, ते नीट विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. इथे कुठला पाद्री आला होता? शाळेतली एक बाई आली होती घरी, मुलीशी बोलते म्हणाली, तिला मी दारातूनच 'नो, नो' करून घालवली. कांचन तेव्हाही काही बोलली नाही. ती बोलायचीच नाही. शुभंकर कसा गेला तेसुद्धा मला तिच्या मैत्रिणीनं, सुलेखानं, सांगितलं. पार्कात रविवारचं क्रिकेट. हा उभ्या उभ्या खाली बसला, लोकांना वाटलं बुटाची नाडी बांधतोय. कांचन हॉस्पिटलात नर्स. ती धावली आणि त्याच्या छातीवर दोन्ही हात ठेवून दाबत राहिली, गाडी येईपर्यंत, बरगडी मोडल्याचा आवाज आला तरी दाबत राहिली. मी विमानातून उतरून घरात शिरले तेव्हा तिनं वाकून नमस्कार केला, तर तिची मनगटं सुजलेली. मी विचारलं ते हे, की इराला काय सांगितलंय? ती म्हणाली, "आई, इरा..." मी तिला पुढे बोलू दिलं नाही. तिथेच, बूट काढायच्या जागेत, मुकं सुतक सांगितलं. इरा समोरच होती, तिला जवळ घेऊन म्हटलं, "बाबा कामाला गेलाय हं, बाहेरगावी. येईल." कांचन माझ्याकडे बघत राहिली आणि मग म्हणाली, "बरं." मला ते 'बरं' फार आवडलं. अग्नी दिला त्या दिवशी इराला सुलेखाकडे ठेवली. आणि त्यानंतर काही दिवसांनी, कांचन चहाच्या किटलीकडे बघत उभी होती, तेव्हा मी म्हटलं, "पोरकी झाली पोर. मी नेते तिला गावी. तुझ्या ड्युट्या, तुझं एकटीचं. काय करशील?" किटलीला उकळी आली, बटण आपोआप पडलं. ती म्हणाली, "न्या." गुरुवारचं विमान ठरलं. दोघींचं.

माझ्यासाठी पुढे काय होतं? आरोंद्याचं घर, ओटी, रविवारी न वाजणारा फोन. मी त्या घरात इराला बसवून बघत होते, रोज, मनातल्या मनात. कधी ती ओटीवर असायची, कधी माजघरात, आणि तिचं तोंड शुभंकरचं व्हायचं, पाच वर्षांच्या, आणि ह्या वेळी मी त्याला होडीत बसवत नव्हते. समोर समुद्र नुसता चकाकत होता. त्यात बघवेना. माझ्या हाताला काहीतरी गार लागलं. इरानं आपला हात माझ्या हातावर ठेवला होता आणि ती मला थोपटत होती, आपण तान्ह्याला थोपटतो तशी. "आजी," ती म्हणाली, "तू सॅड आहे?" मराठीत म्हणाली. तिच्या तोंडी मराठी मी क्वचितच ऐकलेली. मी म्हटलं, "छे. आई उगीच रडत होती हं दुकानात. तिचं पोट दुखत होतं." इरानं मान हलवली, मोठ्या बाईसारखी. "नो, आजी. इट्स ओके. आता तुला पण माहीत झालं." मला कळेना. "काय माहीत झालं?" "बाबा डाइड," ती म्हणाली. इंग्रजी मला येत नाही, पण तो शब्द येतो. मग ती बोलतच सुटली, अर्धं हे अर्धं ते, आणि थोपटायची थांबली नाही. ती तिथेच होती. पार्कात. तिनं सगळं बघितलं होतं. आणि मी घरात आले आणि म्हणाले बाबा येईल, तेव्हा तिनं ममला, म्हणजे आईला, विचारलं, आजीला माहीत नाही का? मम म्हणाली, आत्ता आजीला काही सांगू नको, तिला खूप दुखेल. म्हणून नाही सांगितलं. "आय वॉज व्हेरी गुड, आजी. आय नेव्हर टोल्ड." मी ऐकत होते. थरथर आता दातांत आली होती. "आणि तुम्ही," मी विचारलं, माझाच आवाज मला लांबून येत होता, "तुम्ही दोघी रडता का गं?" ती म्हणाली, "बाथरूममध्ये. शॉवर सोडून. मग तुला ऐकू येत नाही."

शॉवर. त्या शॉवरवरून मी रोज बोलले होते. दोघी मायलेकी आत कोंडून घेतात आणि पाणी किती वाया घालवतात, आमच्याकडे एवढ्या पाण्यात म्हैस धुऊन होते, असं मी कांचनला जेवताना ऐकवलं होतं, आणि ती खाली मान घालून "हो आई" म्हणाली होती. तिच्या स्वतःच्या घरात. तिच्या स्वतःच्या दाराला आतून कडी लावून, पाण्याचा आवाज वर पांघरून, पोरीला पोटाशी धरून ती बाई रडत होती, बातमी बाहेर जाऊ नये म्हणून. बाहेर कोण होतं? बाहेर, गालिच्यावर, पाय पसरून, टीव्ही न कळता बघत, मी होते. पाद्र्याची माणसं कशी असतील हे मी लहान सून असल्यापासून कल्पून बघितलं होतं. दाढीवाली, काळ्या झग्यातली, दारावर काठी आपटणारी. त्यांच्यात एखादी म्हातारी असेल असं नव्हतं कधी मनात आलं. पोराच्या डोक्यावरून हात फिरवणारी, पुढ्यात खाऊ ठेवणारी, आईला गोडीत सांगणारी, तुझं एकटीचं काय होणार, काय करशील. तिलाही वाटत असेल, आपण भलंच करतोय.

फेरी पलीकडे लागली. लोक उतरले, कुत्री उतरली, सायकली उतरल्या. आम्ही पण उतरलो. पेजेवालीला पलीकडे पेडणं होतं, माणसं होती, चूल होती. इथे पलीकडे आइस्क्रीमचं दुकान होतं आणि धक्क्यावरून पाण्यात उड्या मारणारी ओली पोरं. मी उभी राहिले. पुढे कुठे जायचं ते त्या बाईच्या गोष्टीत नव्हतं, आणि मला दुसरी गोष्ट येत नव्हती. एक मोठ्या अंगाची माओरी बाई नातवंडांचे टॉवेल सांभाळत बाकावर बसली होती. ती "किया ओरा" म्हणाली, हा त्यांचा नमस्कार, सरकली, मला जागा केली. माझं तोंड कसं दिसत असेल ते तिच्या तोंडावरून मला कळलं. इराला ममचा नंबर पाठ होता. त्या बाईनं आपला मोबाइल तिच्या कानाला लावून दिला. इरा काय बोलली ते मी ऐकलं नाही. मी पाण्याकडे बघत होते आणि मला फार स्वच्छ दिसत होतं की गुरुवारी विमानात बसल्यावर ही पोर मागे बघणार नाही. ताठ बसेल. माझ्या हातावर थोपटत राहील. आरोंद्याला गेल्यावर कुणी विचारलं तर सांगेल, मम कामाला गेलीय. व्हेरी गुड राहील. आणि वीस-तीस वर्षांनी कधीतरी फोनवर मध्येच काहीतरी विचारेल, आणि मी नसेन, दुसरं कुणीतरी हसेल.

फोन देऊन इरा परत आली, माझ्या मांडीला टेकून उभी राहिली. मग म्हणाली, "आजी, बाबा डाइड म्हणून तू मला नेते?"

मी म्हटलं, "हो."

"बट आय हॅव अ मम," ती म्हणाली. तक्रार नव्हती. मला माहीत नसेल, मला हेही कुणी सांगितलं नसेल, अशा समजुतीनं ती मला सांगत होती.

मला वाटलं त्या पाण्यात उतरावं, साडीसकट, चपलांसकट, आणि अलीकडचं पलीकडचं काहीच उरू नये. शुभंकर असता तर म्हणाला असता, आई, तुला पोहता येत नाही. तो नव्हता. तो नव्हता हे मला तेव्हा कळलं, त्या बाकावर, अनोळखी बाईच्या शेजारी. त्याला अग्नी दिलेला मी या डोळ्यांनी बघितला होता, पण कळलं ते तिथे. घशातला काटा सरकला, पण बाहेर नाही आला. आणखी खाली गेला. काही माणसांचं रडायचं राहूनच जातं.

कांचन पुलावरून गाडी घालून आली. कशी चालवली असेल देव जाणे. केस सुटलेले, डोळे सुजून बारीक झालेले, पाय अनवाणी. तिनं आधी इराला चाचपली, हात, मान, डोकं, नर्ससारखी, मग आईसारखी. इरा म्हणाली, "मम, आजी नोज नाऊ." कांचननं डोळे मिटले. मग उघडले आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मला वाटलं, ओरडेल. ओरडायला हवं होतं तिनं. ती अगदी हळू म्हणाली, "गुरुवारी नेणारच होतात ना, आई? मी 'न्या' म्हटलं होतं ना? मग आज अशी कशाला पळवलीत? एवढे चार दिवस तरी ठेवायची होतीत माझ्याजवळ."

म्हणजे अजूनही ती देत होती. माझ्या पुढ्यात उभी राहून, तिच्या पोटची पोर, चार दिवसांची भीक मागून मला देत होती. शेजारची बाई टॉवेल घडी करायची थांबली. मी उठले. मान ताठ ठेवली; ती आता वाकायची नाही.

"चुकलीस तू, कांचन," मी म्हटलं. मोठ्यानं म्हटलं, उड्या मारणारी पोरंसुद्धा वळून बघायला लागली. "दुकानात रडलीस ते वाईटच केलंस, पण त्याचं मी आता बोलत नाही. मी पोर मागितली आणि तू 'न्या' म्हणालीस, तिथे चुकलीस. बाप गेला म्हणून पोर मागायला कुणी आलं, तर आईनं दार लावून घ्यायचं असतं. मी आले तरी."